शेवट सांगायचा नाही

“भावोजी, जरा हसा की. पुस्तक आलंय तुमचं, घरातलं कोणी गेलेलं नाही.”

मशीनवाल्यांनी हसून दाखवलं. मेहुणीने फोनच्या पडद्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “राहू दे. गंभीरच बसा. गंभीर लेखक म्हणून खपवू.”

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून कपडे धुण्याची उघडी मशीनं, कोणाचं झाकण काढलेलं, कोणाचा ड्रम बाहेर आलेला. त्यांच्यामध्ये एका स्टुलावर मशीनवाले बसले होते. हातात स्वतःचं पुस्तक, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि कितीही घासलं तरी न निघणारं नखांतलं ग्रीस. मेहुणीने फोन समोरच्या मशीनवर डब्याला टेकवून उभा केला होता. ते मशीन तपासणीसाठी चालू आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि मशीनवाल्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ‘नमस्कार’ कसं म्हणावं या विचारात ते पार बुडाले होते. ‘नमस्कार’ झालं, ‘माझं पहिलं पुस्तक’ झालं, आणि मशीन कपडे पिळायला लागलं. फोन थरथरत कडेला निघाला. मशीनवाल्यांनी पुस्तक टाकलं आणि फोन झेलला.

“हाच व्हिडिओ टाकू,” मेहुणी म्हणाली. “निदान लोक बघतील तरी.”

मशीनवाल्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. मशीनं दुरुस्त करणारे ते मशीनवाले, संपलं. बायकोसुद्धा बेकरीतल्या मैत्रिणींशी बोलताना ‘आमचे मशीनवाले’ म्हणायची. तरुणपणापासून हा माणूस लोकांच्या घरांत शिरत आला होता, आणि शिरायचा तो थेट मागच्या बाजूला, जिथे पाहुण्यांना कोणी नेत नाही. तिथे ओणवं बसून फिल्टर साफ करताना त्यांनी काय काय पाहिलं असेल त्याला गणती नाही. बोलले मात्र कधी कोणाशी नाहीत. घरी येऊन लिहीत बसायचे. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, असं करत करत ‘घरोघरचं धुणं’ हा कथासंग्रह झाला. आणि एकदा हात लागल्यावर दुसराही लिहून झाला.

घोडं अडलं ते पुढे. प्रकाशकबाई फटकळ, पण मनाने सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “पुस्तक चांगलं आहे म्हणून काढलं. पण तुम्हाला कोणी ओळखत नाही. हल्ली लेखकालाच फोनवर दिसावं लागतं, मला हे आवडतं असं नाही, पण आहे ते आहे. ग्रंथालयाचा हॉल मी वाचनासाठी घेऊन ठेवलाय. माणसं आणा, पुस्तक चार लोकांच्या तोंडी येऊ द्या, मग दुसरं काढू. नाही आलं, तर दुसरं तुमच्या कपाटात राहील.”

दुसरं पुस्तक कपाटात राहील ही कल्पनाच मशीनवाल्यांना सोसायची नाही. हौस म्हणून एक पुस्तक कोणीही काढतं. दुसरं आलं की माणूस लेखक. हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं गणित होतं, आणि ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं.

आता गंमत बघा. फोनवर त्यांना विचारणारं कोणी नव्हतं असंही नाही. ‘मशीनवाले’ नावाचं त्यांचं पेज होतं, मेहुणीनेच कधीतरी काढून दिलेलं, आणि त्यावर बरीच माणसं होती. पावडर किती घालावी, ड्रमला वास का येतो, असल्या गोष्टी ते तिथे सांगायचे आणि लोक मनापासून ऐकायचे. तिथेच त्यांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकलं. पहिली कमेंट आली, “अभिनंदन काका. आमचं मशीन मध्येच थांबतं, काय करू?” दुसऱ्या कोणी मशीनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मशीनवाल्यांनी तो तीनदा ऐकला आणि बेअरिंग गेलंय असं उत्तर दिलं.

“अहो उत्तरं कसली देत बसता?” मेहुणी वैतागली. तिचं पार्लर होतं, आणि केस कापण्याआधीचे आणि नंतरचे व्हिडिओ टाकून तिने ते नावारूपाला आणलं होतं. या विषयात तिच्यापुढे कोणाची मात्रा चालायची नाही. “तुम्ही पुस्तकाचं बोलता आणि लोक पंपाचं विचारतात.”

“विचारलंय तर सांगायला नको? घरात पाणी साचलं असेल त्यांच्या.”

मग एका दुपारी पार्लर बंद ठेवून ती दुकानात आली आणि स्टूल ओढून समोर बसली. “फोनकडे बघू नका. माझ्याकडे बघा. पुस्तकातली एक गोष्ट सांगा मला, सरळ, जशी ताईला सांगता तशी.”

मशीनवाले सांगायला लागले. एक बाई असते. तिच्या मशीनमधून पाणी निघत नाही म्हणून दुरुस्तीवाला जातो. पाईप सोडून पाणी बादलीत काढतो, तर पाणी अगदी स्वच्छ, खाली बादलीचा तळ दिसावा असं. ड्रममध्ये पुरुषाचे शर्ट. कॉलरला मळाची रेघ नाही, बाह्यांवर अजून इस्त्रीची घडी. आणि घरात तर बाई एकटी. दुरुस्तीवाल्याला कळतं की हे शर्ट घालणारं आता कोणी नाही. ती नुसतेच धुते, वाळवते, इस्त्री करते, पुन्हा धुते.

मेहुणी गप्प झाली होती. ही बाई गप्प होणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. “खरी आहे ही?”

“अर्धी. शर्ट खरे, पाणी खरं. पुढचं सगळं मी रचलंय.”

“रचलंय म्हणून सांगूच नका. खरी म्हणा. रचलेलं म्हटलं की लोक पुढे सरकतात, खरं म्हटलं की थांबतात. आणि कुठे झालं तेही सांगा, नाहीतर थाप वाटते.”

“आणि शेवट?”

“शेवट सांगायचा नाही भावोजी. शेवट सांगितला तर पुस्तक कोण घेईल?”

मशीनवाल्यांना कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण समोर बसलेलं माणूस आपलं बोलणं संपू नये म्हणून थांबलंय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि ती चव वाईट, एकदा लागली की सुटत नाही. ते बोलले. “ही खरी गोष्ट आहे,” असं म्हणाले. “आपल्याच भागातली. औषधाच्या दुकानावर राहणाऱ्या एका बाईंची.” ‘पुन्हा धुते’ म्हटलं तिथेच मेहुणीने व्हिडिओ कापला आणि खाली पुस्तकाचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. लोकांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला, त्यांनी आणखी कोणाला. ज्याचं मशीन दुरुस्त करायला जावं तो म्हणे, “अहो, ते शर्टवाले तुम्हीच ना?” प्रकाशकबाईंचा फोन आला. पुस्तकांच्या दुकानांतून विचारणा होते आहे, हॉल लहान पडतो की काय असं वाटतंय, दुसऱ्या पुस्तकाची फाईल काढून ठेवा. मशीनवाले त्या दिवशी शीळ घालत घरी गेले. शीळ त्यांना वाजवता यायची नाही, नुसती हवाच जायची.

जेवताना बायको कमेंट वाचत होती. वाचता वाचता तिचा घास हातातच राहिला.

“त्या बाईंना विचारलं होतंत का?”

“नाव कुठे घेतलंय मी?”

“औषधाच्या दुकानावर किती बाया राहतात?”

मशीनवाल्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. बायकोने फोन उपडा ठेवला आणि आपलं ताट उचललं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच बाईंचा फोन आला. आवाज शांत, शब्द सुटे सुटे. “मशीनवाले ना? मी औषधाच्या दुकानावरून बोलतेय. एकदा येऊन जा.”

“मशीनला काय झालंय?”

“या तर खरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मशीनवाल्यांची पाचावर धारण बसली. तरी हत्यारांची पेटी घेऊन निघाले. पेटी हातात नसली तर कोणत्या तोंडाने दार वाजवायचं, हे त्यांना कळेना. जिना चढताना खाली औषधवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळख दिली नाही.

बाईंनी दार उघडलं. उंच, सडपातळ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. मशीनवाले सवयीने मागच्या खोलीकडे वळले तेव्हा त्या म्हणाल्या, “तिकडे नाही. इथे बसा. मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही पंप बदललात तेव्हापासून उत्तम चालतंय.”

त्या घराच्या पुढच्या खोलीत मशीनवाले पहिल्यांदाच बसले. पेटी कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून मांडीवर घेतली.

“परवा दोन मुली येऊन जिन्याचा फोटो काढून गेल्या,” बाई म्हणाल्या. “काल एक बाई आली. ओळख ना पाळख, माझा हात हातात घेऊन बसली आणि रडायला लागली. मी तिला कॉफी करून दिली आणि घरी पाठवलं. मग खाली औषधवाल्याला विचारलं, तेव्हा कुठे कळलं. माझ्या फोनवर ते दिसत नाही. तुमच्यावर असेल. लावा.”

त्यांनी लावलं. स्वतःचा आवाज त्या खोलीत ऐकताना त्यांना घाम फुटला. बाईंनी डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून सगळं ऐकलं.

“आता लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचा.”

“राहू दे ना बाई ते.”

“माझ्याबद्दल लिहिलंय. मला ऐकायचंय.”

मशीनवाले वाचायला लागले. ‘बिचारी’ असं पुष्कळांनी लिहिलं होतं. कोणी लिहिलं होतं की हिला डॉक्टरला दाखवा. कोणी पाण्याच्या नासाडीवर घसरला होता. एक कमेंट त्यांनी पाहिली आणि अंगठ्याने पुढे सरकवली.

“मध्ये एक गाळलीत.”

“नाही, तसं काही...”

“श्वास अडखळला तुमचा. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. माणूस कुठे अडतो ते कानाला कळतं. वाचा.”

मशीनवाल्यांनी ती वाचली. एकट्या बाया दुरुस्तीवाल्याला बोलवायला बहाणे शोधतात, असं काहीतरी होतं, आणि खाली हसणारी तोंडं. वाचताना त्यांचे कान तापले. बाईंनी उठून खिडकी उघडली आणि पुन्हा येऊन बसल्या.

“आमच्या वेळी फोन हाताने जोडून द्यावे लागायचे,” त्या म्हणाल्या. “लाईन लागली की नाही बघायला क्षणभर ऐकावंच लागायचं. तेवढ्यात काय काय कानावर पडायचं. कोणाचं लग्न मोडलं, कोण रडतंय, कोण खोटं बोलतंय. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. एक शब्द आम्ही कधी घरी नेला नाही. तुम्ही इथे आला होतात त्या दिवशी मी बघत होते. तुम्ही शर्टांकडे पाहिलंत, पाण्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. आणि म्हणालात, पंप बदलावा लागेल. मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, हा माणूस आपल्यातला आहे.”

यापेक्षा बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मशीनवाल्यांनी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. “माझं चुकलं,” ते कसेबसे म्हणाले.

“आणि ते शर्ट. कपाटात नुसते ठेवले की कुबट वास धरतात. आमच्या यांना कुबट कपड्यांचा भारी तिटकारा. म्हणून धुते. त्यात हात धरून रडण्यासारखं काय आहे, मला कळलेलं नाही.” त्यांचा आवाज जरासा चिरकला आणि लगेच सरळ झाला. “पुस्तक आणलंय का? पुस्तकात काय लिहिलंय तेही एकदा ऐकू द्या.”

पुस्तक पेटीतच होतं, पान्यांच्या शेजारी. मशीनवाल्यांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून ते वाचायला लागले. व्हिडिओ जिथे संपत होता तिथे ते आले आणि न थांबता पुढे गेले. पुस्तकातली बाई एक दिवस घराचं फाटक रंगवायला काढते. अंगावर जुनं काही सापडत नाही, म्हणून त्यातलाच एक शर्ट चढवते, बाह्या दुमडते. आधी डाग पडू नये म्हणून जपत जपत रंगवते, मग जपणं विसरते. शेजारीण म्हणते, अगं, शर्टाचं काय केलंस. बाई खाली बघते, निळ्या रंगाने भरलेल्या पोटाकडे, आणि तिला हसू येतं. त्या आठवड्यात मशीनमधून पाणी निळं निघतं आणि ती ते बराच वेळ बघत उभी राहते. इथे कथा संपली. मशीनवाल्यांनी पुस्तक मिटलं.

बाईंची मान अजून कलतीच होती. “मला फाटक नाही,” त्या म्हणाल्या. “जिना आहे.”

“हो.”

“आणि असला काही रंगबिंग मी दिलेला नाही.”

“नाही. ते मी रचलं.”

“मग ही मी नव्हेच.”

“नाही बाई. शर्ट तेवढे तुमचे आहेत. ही बाई माझी आहे.”

“इतकी चांगली रचलीत, तर खरी म्हणून का सांगितलीत? आणि सांगितलीत तीही अर्धी. लोकांना ती रडकी वाटली, कारण हसली ते तुम्ही सांगितलंच नाही. पुस्तकाला नाव दिलंत घरोघरचं धुणं, आणि माझं एकटीचं नेऊन चौकात वाळत घातलंत.”

मशीनवाल्यांकडे उत्तर होतं, पण ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. तरी सांगितलं. “कोणी ऐकत नव्हतं. इतकी वर्षं लिहिलं. दुसरं पुस्तक लिहून पडलंय. हे लोकांनी घेतलं तर ते निघेल, नाहीतर नाही निघणार. खरं म्हटल्यावर लोक थांबले.”

“म्हणजे आमच्या यांच्या शर्टांवर तुमचं दुसरं पुस्तक.”

मशीनवाल्यांनी फोन हातात घेतला. व्हिडिओ काढून टाकायचं बटण कुठे असतं ते शोधायला त्यांना वेळ लागला, व्हिडिओ टाकायचं काम मेहुणीच करायची. सापडलं. नक्की काढायचं का, असं फोनने विचारलं. मशीनवाल्यांना हॉल दिसला, खुर्च्या दिसल्या, फाईल दिसली. फार वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला. त्यांनी बटण दाबलं.

“काढला,” ते म्हणाले.

बाईंनी नुसती मान हलवली. निघताना दारात त्या म्हणाल्या, “पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. त्या बाईला तसंच राहू द्या.”

संध्याकाळी मेहुणी घरी आली ती तणतणतच. “काढलात? अहो, लोक अजून पाठवत होते एकमेकांना. नाव तर घेतलं नव्हतं, तीन दिवसांत विसरले असते सगळे. हाताशी आलेलं कोणी असं सोडतं का? ताई, तू तरी सांग यांना.”

“मी काय सांगू?” बायको म्हणाली. “मी असते तर त्याच दिवशी काढला असता.” आणि त्या रात्रीच्या जेवणानंतर पहिल्यांदाच तिने मशीनवाल्यांना स्वतःहून चहा विचारला.

दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी नसताना मशीनवाल्यांनी सगळी मशीनं बंद केली, फोन नीट टेकवला आणि एकटेच बोलायला बसले. “मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की ही खरी गोष्ट आहे. ते खोटं होतं. शर्ट कुठे कुठे असतात, पाणी कुठे कुठे स्वच्छ असतं. पण ती बाई मी रचलीय, तिचं फाटक मी रचलंय आणि शेवटही मी रचलाय. तिला शोधायला कोणाच्या जिन्यात जाऊ नका, तिथे ती नाही. ती फक्त पुस्तकात आहे. शेवटी ती हसते, एवढं आज सांगून टाकतो.”

हा व्हिडिओ काही कोणी कोणाला पाठवला नाही. जे बोलले ते चिडून बोलले. आमचे अश्रू फुकट घालवलेत, असं एकाने लिहिलं. फसवणूक, असं दुसऱ्याने. त्याच्या खाली कोणी विचारलं होतं, “काका, टाकी भरते पण ड्रम फिरत नाही.” मशीनवाल्यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, बेल्ट बघा म्हणून सांगितलं, आणि तेवढ्याने त्यांना जरा हुशारी आली. प्रकाशकबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. विचारणा थांबल्या आहेत, हे तुमच्या कानावर घालते. हॉल घेतलेला आहे, बघू.” फाईलचं त्यांनी नाव काढलं नाही, आणि मशीनवाल्यांनीही विचारलं नाही.

वाचनाच्या दिवशी मशीनवाले लवकर जाऊन बसले. ग्रंथालयाचा हॉल मोठा नव्हता, पण रिकाम्या खुर्च्यांनी तो उगीचच मोठा दिसत होता. बायको बेकरीतून परस्पर आली. तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मेहुणी आली, फोन पर्समध्येच ठेवलेला. “मूर्ख आहात तुम्ही,” ती कानाशी येऊन म्हणाली. “तुमचा तो दुसरा व्हिडिओ मी माझ्या पेजवर टाकलाय. पार्लरच्या बाया विचारत होत्या, ती का हसते म्हणून. मी म्हटलं, पुस्तक घ्या.” तिच्या मागून खरोखरच चार-पाच बाया आत आल्या, सगळ्यांचे केस सुरेख कापलेले. एक गृहस्थ आले, त्यांनी पुस्तकही घेतलं आणि खिशातून फोन काढून मशीनचा आवाजही ऐकवला. प्रकाशकबाई मागे भिंतीशी उभ्या होत्या. खुर्च्या निम्म्याहून जास्त रिकाम्या होत्या आणि त्या तिकडेच बघत होत्या.

सुरू करायची वेळ झाली तेव्हा दारात पाच-सहा वयस्क बाया एकदम दिसल्या. कोणाच्या हातात काठी, कोणी दुसरीच्या खांद्यावर हात ठेवलेला. इतक्या जणी असूनही एक अक्षर न बोलता त्या पुढे आल्या आणि पहिल्या रांगेत ओळीने बसल्या. बायकोने मशीनवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. यांतल्या एकीच्याही घरी ते कधी गेलेले नव्हते.

“आपण... कुठे वाचलंत या कार्यक्रमाचं?” त्यांनी सर्वांत जवळच्या बाईंना विचारलं. “फोनवर?”

“फोनवरच,” त्या म्हणाल्या. “पण वाचलं नाही. फोन आला. आम्ही सगळ्या एक्स्चेंजच्या. एका मैत्रिणीने एकेकीला लावला. म्हणाली, एक चांगला लेखक आहे, जाऊन ऐका. मी म्हटलं, तू येतेस का? तर म्हणाली, मी ऐकलंय.”

हातातलं पुस्तक मशीनवाल्यांनी उघडलं आणि पुन्हा मिटलं. वाचायला त्यांनी दुसरीच एक गोष्ट काढून ठेवली होती, हलकीफुलकी, एका हरवलेल्या मोज्याची. ती कोणाला लागण्यासारखी नव्हती.

“आणखी एक निरोप आहे,” त्या बाई म्हणाल्या. “फाटकाची गोष्ट वाचायला सांगितलीय. म्हणाली, सगळी वाचा.”

मागे भिंतीशी उभ्या असलेल्या प्रकाशकबाई पुढे आल्या आणि मेहुणीच्या शेजारी बसल्या.

मशीनवाल्यांनी वाचायला सुरुवात केली. बादलीतलं पाणी आलं, शर्ट आले. पहिल्या रांगेतल्या बायांनी, एकीने केली तशी सगळ्यांनीच, मान डाव्या बाजूला कलती केली होती, आणि त्यांतल्या एकीचा हात कानाशी गेला होता. फाटकाला रंग लागला. शेजारीण ओरडली. पोटावरचा निळा रंग बघून बाई हसली तेव्हा मशीनवाल्यांची बायको, जिने ही गोष्ट कितीदा तरी ऐकली होती, डोळे पुसत होती. पाणी निळं निघालं आणि गोष्ट संपली.

टाळ्या नंतर वाजल्या. त्याआधीच केस कापलेल्या बायांपैकी एकीने विचारलं, “पण मग ती बाई खरंच कोणी आहे की नाही?”

सगळे मशीनवाल्यांकडे बघायला लागले.

“नाही,” ते म्हणाले. “मी रचली.”

पहिल्या रांगेतल्या बाईंनी समाधानाने मान डोलावली. “वाटलंच मला. खरी असती, तर तुम्ही अशी चारचौघांत सांगितलीच नसती.”

मशीनवाले खाली बघायला लागले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मग आवाज साफ करून विचारलं, “आणखी एक वाचू का?”

पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या माना पुन्हा कलत्या झाल्या, आणि मशीनवाल्यांनी पान उलटलं.